मंदाताईंची कांतीण

मंदाताई उमाळकरांना थांबणं जमत नसे. सकाळी नवा रायपूरला जाणाऱ्या आमच्या ऑफिसच्या बसची वाट बघताना आम्ही बाकीच्या बाया पानठेल्याच्या सावलीत उभ्या असू. मंदाताई मात्र रस्त्याच्या पार कडेला, एक पाय डांबरावर ठेवून. बस दिसली की तिच्याकडे दोन पावलं चालत जात, जणू तेवढ्यानं ती लवकर येणार होती. चढल्या चढल्या ड्रायव्हरला उशीर का झाला ते विचारत, आणि त्यानं कारण सांगितलं की म्हणत, "मंग? पुढे काय?"

हे 'पुढे काय' त्या सगळ्यांना विचारत. साहेबांनी फाईल परत पाठवली की पुढे काय, कुणाच्या मुलीला स्थळ सांगून आलं की पुढे काय. तिथल्या मंत्रालयात त्यांच्या टेबलावर कागद साचलेला मी कधी पाहिला नाही. दुसऱ्यांच्या टेबलावर साचला तर त्या जाऊन समोर उभ्या राहत, बोलत काही नसत, नुसत्या उभ्या राहत. माणूस सही करून मोकळा होई.

रायपूरच्या पुरानी बस्तीत आम्ही शेजारी होतो. त्यांचं घर दुबेंच्या माडीखाली भाड्याचं, माझं त्याला लागून. त्यांचे यजमान अरविंदराव रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले आणि अतिशय बोलके. मंदाताई स्वयंपाक करत असताना ते ओट्याशी उभं राहून स्टेशनातल्या गोष्टी सांगत, आणि आतून मंदाताईंचा आवाज येई, "अहो, मुद्द्यावर या ना." मुद्द्यावर यायची अरविंदरावांना कधीच घाई नसे.

मग त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा खिडकीजवळ एक खुर्ची मांडली, आणि तो माणूस त्या खुर्चीतच राहू लागला. दिवसा त्यांच्याजवळ दुलारी नावाची बाई असे. व्यायाम करवून घ्यायला एक मुलगी येई. तिनं मंदाताईंना सांगितलं होतं की डावा हात चांगला आहे, आधारानं उभंही राहता येईल, फक्त त्यांनी मनावर घेतलं पाहिजे. आणि बोलत राहा त्यांच्याशी, पा-पा, मा-मा असं म्हणवून घ्या.

मनावर घेणं हा मंदाताईंचा प्रांत. संध्याकाळी घरी आल्या की चहासुद्धा न घेता त्या समोर बसत. पा म्हणा. मा म्हणा. माझं नाव घ्या. भिंतीपलीकडून मला ऐकू येई. सुरुवातीला आवाजात आर्जव असे, मग ते संपे, मग ऑफिसातल्यासारखा नुसता हुकूम उरे. अरविंदराव डोळे मिटून घेत. डोळे मिटलेल्या माणसाकडून काही करवून घ्यायची युक्ती मंदाताईंजवळ नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या समोर उभं राहण्याचा कुणावर परिणाम होत नव्हता.

अशात एका रविवारी त्यांनी मला हाक मारून बोलावलं. खोलीत गेले तर त्या दारातच उभ्या, तोंडावर बोट ठेवून. अरविंदरावांचे डोळे उघडे होते आणि ते सरकत होते. भिंतीवर तळहाताएवढी एक चपटी, तपकिरी कांतीण चालली होती. आमच्याकडे कोळ्याला कांतीण म्हणतात. ही जाळं विणणारी नव्हे, न्हाणीघरात दिवा लावला की दिसते आणि आपण किंचाळतो ती. तिनं पोटाखाली पांढरी, गोल, गोळीसारखी काहीतरी वस्तू धरली होती. ती थांबली की अरविंदरावांचे डोळे थांबत. ती ट्यूबलाइटकडे गेली तर त्यांनी मानही वळवली. ती मान वळवून घ्यायला व्यायामाची मुलगी कित्येक आठवडे धडपडत होती.

मंदाताई आत गेल्या, लोणच्याची रिकामी बरणी आणि एक पुठ्ठा घेऊन आल्या, आणि मी नको नको म्हणत असताना स्टुलावर चढून त्यांनी ती कांतीण पकडली. झाकणाला खिळ्यानं भोकं पाडली आणि बरणी अरविंदरावांच्या खुर्चीजवळच्या टेबलावर ठेवून दिली. "घ्या," त्या म्हणाल्या. "पहा आता."

हा छंद असा सुरू झाला. छंद हा शब्द त्यांना आवडला नसता. त्यांच्या दृष्टीनं ते औषध होतं, आणि औषधानं गुण यायला पाहिजे होता.

गुण तर सोडाच, कांतीण खाईचना. मंदाताईंनी झुरळ टाकलं, पतंग टाकला, एकदा ऑफिसच्या बागेतून आणलेला टोळ टाकला. कांतीण बरणीच्या भिंतीला चिकटून, ती पांढरी गोळी छातीशी धरून बसलेली. खुर्चीत अरविंदराव खिचडीचा तिसरा घास तोंडातून बाहेर काढत. मंदाताई एका हातात चमचा, दुसऱ्या हातात चिमट्यात धरलेलं झुरळ घेऊन मध्ये उभ्या. मला म्हणाल्या, "रेखा, मले सांग, ह्या घरात कोणी जेवणार हाये का?"

त्यांनी फोनवर शोधलं. कीटक आणि कोळी पाळणाऱ्यांचा एक गट सापडला, बहुतेक सगळी कॉलेजातली मुलं, कुठली कुठली. त्यांनी सांगितलं की ती गोळी म्हणजे अंड्यांची पिशवी आहे, ती धरली असेतो मादी खात नाही, आंटी, पेशन्स रखो. बसमध्ये तो निरोप मला दाखवताना मंदाताईंचे कान लाल झाले होते. आंटी म्हटल्याचा राग नव्हता. पेशन्सचा होता. डॉक्टरपासून माडीवरच्या दुबेकाकूंपर्यंत जो तो तेच सांगत होता, आणि आता हे पोट्टेही.

पिल्लं बाहेर आली ती मंदाताई ऑफिसात असताना. भोकं खिळ्याची, पिल्लं मोहरीच्या दाण्याहून लहान. आम्ही परतलो तेव्हा दुबेकाकू जिन्यावर उभ्या होत्या. खिडकीतून वर चढून सगळी वरात त्यांच्या देवघरात गेली होती, आणि काकूंनी संध्याकाळचा दिवा लावला तेव्हा छत हलत असल्यासारखं त्यांना वाटलं. काकूंनी शांतपणे विचारलं, "मंदा, ये क्या पाल लिया तूने?" मंदाताईंनी क्षमा मागितली नाही. एक बारीक रंगाचा ब्रश आणि अरविंदरावांच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या घेऊन त्या वर गेल्या आणि देवघराच्या छतावरून एकेक पिल्लू उचलू लागल्या. काकूंनी खालून स्टूल धरलं, कारण न धरून करणार काय.

बरीचशी हातची गेलीच. ज्यांना बाटल्यांत घातलं त्यांचं खाणं म्हणजे चिलटं, म्हणून मंदाताईंच्या स्वयंपाकघरात केळी सडू लागली. पिल्लं मरत. काही पाणी जास्त झालं म्हणून, काही कमी झालं म्हणून. दोन एका बाटलीत ठेवली तर एकानं दुसऱ्याला खाल्लं. मंदाताई प्रत्येक मरण अपमानासारखं घेत. बाटली उजेडात धरून म्हणत, "सगळं केलं ना हिच्यासाठी. काय कमी केलं, मले सांग." मोठी कांतीणही यथावकाश एक दिवस पाय पोटाशी घेऊन पडली. शेवटी पिल्लांतलं एकच उरलं. त्याला मंदाताई 'शेवटली' म्हणत. दुलारीनं छान नाव ठेवायला सुचवलं तर म्हणाल्या, नाव ठेवून काय करू, हाक मारली तर येणार आहे का.

शेवटली मात्र जगली. तिला दुलारीनंच आणून दिलेला, मिठाईचा पारदर्शक मोठा डबा मिळाला, त्यात सालीचा एक तुकडा. अरविंदराव दिवसभर त्या डब्याकडे बघत. दुलारी सांगे, बाबू मेकऱ्याला, म्हणजे कांतिणीला, बघत बसतात, हव, पण बघताना घास दिला तर खातात. तेवढं एक बरं झालं होतं. घास जात होता. मंदाताईंना मात्र तेवढ्यानं भागत नव्हतं. घास गेला, मग पुढे काय?

थंडी सरत आली होती तेव्हाची गोष्ट. मी त्यांचा कुकर परत द्यायला गेले होते. मंदाताई डब्यापाशी वाकलेल्या. शेवटली सालीला उलटी लटकलेली होती, आठही पाय गोळा केलेले, अंग ताणलेलं, हलत नव्हती. मंदाताईंचा चेहरा मी पाहिला. त्यात दुःख कमी आणि वैताग जास्त होता. हीही गेली, आता नाही, बास, असा. त्यांनी झाकण काढलं आणि तिला पाडायला ब्रश आत घातला.

तेवढ्यात अरविंदरावांचा डावा हात आला आणि त्यानं त्यांचं मनगट धरलं.

"राहू दे," ते म्हणाले.

शब्द जड होते, ओल्या कापडातून आल्यासारखे, पण स्पष्ट. कुकर माझ्या हातात तसाच राहिला. मंदाताईंनी ब्रश खाली ठेवला. मला वाटलं त्या रडतील. त्या गुडघे टेकून त्यांच्या खुर्चीसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "काय म्हटलं? अहो, परत म्हणा."

ते डब्याकडे बघत होते.

"परत म्हणा ना. राहू दे म्हणा. मंदा म्हणा. मं-दा."

मंदाताईंनी त्यांचा चेहरा दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवला. तो परत डब्याकडे वळला. मग त्यांनी आवाज चढवला, मग हात जोडले, मग पुन्हा आवाज चढवला. अरविंदरावांनी डोळे मिटून घेतले. पण थोड्याच वेळात एक डोळा उघडला, कारण डब्यात शेवटली जुन्या कातीतून बाहेर सरकत होती. पाय एकेक करून मोज्यातून काढावे तसे निघत होते, आणि ती दुधासारखी फिकी, ओली, पहिल्यापेक्षा मोठी होऊन खाली लोंबत होती. ती मेलेली नव्हती, कात टाकत होती. अरविंदरावांना ते ठाऊक होतं, कारण दिवसभर तिला बघणारे तेच. मंदाताईंनी तिकडे पाहिलंच नाही. त्या त्यांच्या ओठांकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या नाहीत, आणि बस आली तेव्हा ड्रायव्हरला काही न विचारता सरळ सीटवर येऊन बसल्या. माना विमानतळाचा फाटा मागे पडला तेव्हा म्हणाल्या, "वर्ष होऊन राहिलं रेखा. घास मी भरवून राहिली. हागणं-मुतणं मी काढून राहिली. अन् बोलला तो कोणासाठी? कांतीणसाठी." मी काहीतरी समजुतीचं म्हणाले असेन. त्यांनी खिडकीकडे तोंड केलं.

पण मंदाताई हात टेकणाऱ्यांतल्या नव्हत्या. एका कांतिणीनं दोन शब्द दिले, तर आणखी प्राणी आणले की आणखी शब्द येतील, असं त्यांनी ठरवलं, आणि घरात डब्यांची रांग लागली. शिवलं की चकलीसारखी गोल होणारी जाड वाणी आली. गोगलगायी आल्या. हात जोडून बसणारा हिरवा प्रार्थना-किडा आला, काडीसारखा दिसणारा काडीकिडा आला. ऑफिसच्या बागेतला माळी त्यांना बघून आता फुलझाडांच्या मागे जाई. गटातल्या मुलांना त्या रोज प्रश्न विचारत आणि उत्तर लगेच आलं नाही तर पुन्हा विचारत. मुलांनी त्यांचं नाव 'अर्जंट आंटी' ठेवलं होतं. ते त्यांना कळलं तेव्हा त्या पहिल्यांदा थोड्या हसल्या.

विंचवाचा किस्सा आमच्या बसमध्ये अजून सांगतात. ड्रायव्हरचा भाऊ भनपुरीला ट्रकांच्या यार्डात काम करी. जुन्या टायरांखाली काळे विंचू निघतात असं तो बोलून गेला होता, तर मंदाताई ड्रायव्हरच्या इतक्या मागे लागल्या की एका संध्याकाळी त्यानं खरंच आणून दिला. त्यांनी तो आपल्या रिकाम्या जेवणाच्या डब्यात घातला, डबा मांडीवर ठेवला. पुढच्या सीटवरच्या वर्माबाईंनी सहज मागे वळून विचारलं की डब्यात काही उरलं आहे का, भूक लागली आहे. मंदाताई म्हणाल्या, बिच्छू है. वर्माबाईंना वाटलं विनोद आहे, आणि डब्यातून आतल्या आत खरवडल्याचा आवाज आला. पुढच्या स्टॉपला निम्मी बस मागच्या निम्म्या बसमध्ये बसलेली होती. मंदाताईंना त्याचं काहीच नव्हतं. त्या डब्यावर हात ठेवून बघत होत्या ते समोरच्या सिग्नलकडे, तो लाल का राहतो म्हणून.

त्या विंचवाला बघून अरविंदरावांनी भुवई उंचावली, तेवढंच. वाणी डाव्या हातावर चालू दिली. प्रार्थना-किडा त्यांच्याकडे मान वळवून बघे तेव्हा तेही मान तिरपी करत. पण शब्द आला नाही. मंदाताई प्रत्येक डबा त्यांच्यासमोर धरत, हे काय आहे म्हणा, असं विचारत, मग डबा जरा जोरानं टेबलावर ठेवत. काडीकिडा उन्हात ठेवला म्हणून मेला. एका डब्यात बुरशी आली. मंदाताईंच्या हातांना कायम ओल्या मातीचा आणि सडक्या केळ्यांचा वास येई आणि त्यांच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. मी एकदा म्हटलं की ताई, त्यांना नुसतं बघू द्या ना, त्यांना बरं वाटतं आहे. त्या म्हणाल्या, "बरं वाटणं अन् बरं होणं यात फरक हाय का नाही?"

उन्हाळ्यात हैदराबादहून मुलगी आली, पल्लवी. ती आईचं मराठी समजते आणि हिंदीत उत्तर देते. तिच्या वयाची इथली बरीच मुलं तशीच. दारातून आत आली आणि डब्यांची रांग बघून उभीच राहिली. त्या आठवड्यात मायलेकींचं जे झालं ते अर्ध्या बस्तीनं ऐकलं. पल्लवीचं म्हणणं चूक नव्हतं: हैदराबादला मोठं केंद्र आहे, तिथे लकव्याच्या माणसांना रोज शिकवतात, बाबांना तिथे न्यायचं सोडून आई घरात किडे भरते आहे. शेवटी ती म्हणाली, "मम्मी, आप पापा का इलाज करो. ये सब कीड़े क्यों पाल रही हो?"

मंदाताई म्हणाल्या, "इलाजच करून राहिली ना मी."

पल्लवीनं हात कपाळाला लावला. दोघींच्या मध्ये खुर्चीत अरविंदराव होते, आणि त्यांच्या मांडीवर शेवटलीचा डबा. पल्लवी परत गेली ती दिवाळीनंतर दोघांनाही नेणार असं सांगून. मंदाताईंनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्या दिवशी त्यांनी विंचू ड्रायव्हरला परत दिला.

पावसाळा संपता संपता आमच्या बस्तीत डास फार झाले आणि धुराची गाडी फिरू लागली. गटातल्या मुलांनी मंदाताईंना आधीच सांगून ठेवलं होतं की त्या धुरानं हे सगळे प्राणी मरतात, गाडी आली की खिडक्या बंद करा, डबे झाका. मंदाताईंनी हे दुलारीला इतक्यांदा बजावलं की दुलारी वैतागली होती, आणि हे सगळं बजावणं अर्थात अरविंदरावांसमोर चालायचं.

त्या संध्याकाळी आम्ही बसमधून उतरलो तेव्हाच गल्ली पांढरी दिसत होती. मंदाताई पळाल्या. साठीकडे झुकलेली बाई, साडी, हातात पर्स, पण मला गाठता आल्या नाहीत. दुलारी मागच्या अंगणात वाळलेले कपडे काढायला गेली होती. गाडीचा आवाज ऐकून ती आत आली तोवर झालं होतं. ती दारात उभी राहून एवढंच म्हणत होती, "बाबू गिर गे दीदी, बाबू गिर गे."

अरविंदराव खिडकीखाली फरशीवर पडले होते, एका कुशीवर. खिडकी बंद होती. तिची कडी वर असते, आपण उभं राहून हात उंच केला तरच पोचतो. पलंगावरची चादर ओढून टेबलावरच्या डब्यांवर टाकलेली होती, अर्धी डब्यांवर, अर्धी खाली लोंबत. खुर्चीपासून पलंग, पलंगापासून टेबल, टेबलापासून खिडकी. त्या खोलीत तो माणूस एकटा एवढं चालला होता.

मंदाताई त्यांच्याजवळ फरशीवर बसल्या. त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. धुरानं सगळ्यांचे डोळे झोंबत होते. मी ॲम्ब्युलन्सला फोन लावत होते, आणि त्या अगदी हळू आवाजात, पण दात आवळून बोलत होत्या.

"उठता येते तुमाले. उठता येते तं इतके दिवस काहून नाही उठले? मी काय काय नाही केलं. काहून नाही उठले?"

अरविंदरावांना खूप दुखत असावं. त्यांनी ओठ हलवले, काही आलं नाही, पुन्हा हलवले.

"तू नव्हती," ते म्हणाले.

मी फोन कानाला लावून उभी होते. पलीकडचा माणूस पत्ता विचारत होता आणि मला पत्ता आठवेना. ते तक्रार करत होते की कारण सांगत होते, की नुसतं जसं झालं तसं सांगत होते, मला कळलं नाही. मंदाताईंना काय कळलं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. त्यांनी 'परत म्हणा' म्हटलं नाही. चेहऱ्यावरून हात फिरवत राहिल्या, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आणि जे काही उभं राहणं त्या संध्याकाळी दिसलं होतं तेही गेलं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा पहिल्यापासून. चादरीखालचे डबे वाचले, चादर जिथे पोचली नव्हती ते गेले. प्रार्थना-किडा गेला, गोगलगायी सुस्त झाल्या पण सावरल्या. शेवटली वाचली. मंदाताईंनी गोगलगायी आणि वाणी ऑफिसच्या बागेत सोडली. गटातल्या मुलांना त्यांनी काय लिहिलं मला माहीत नाही, पण त्या गटातून निघाल्या.

त्यानंतर बसमध्ये त्या माझ्या शेजारी बसत आणि रोज काही ना काही चिडून सांगत. स्वेच्छानिवृत्तीचा कागद कुठे अडला आहे. पल्लवीनं घेतलेल्या फ्लॅटला गॅलरी नाही. दवाखान्यातली नर्स त्यांना बाबूजी म्हणते, ते काय तिचे बाबूजी आहेत का. एकदा मात्र मध्येच थांबून म्हणाल्या, "आता मी पा म्हणा, मा म्हणा नाही करत. ते पाहतात, मी पण पाहते." मी विचारलं, काय बघता. त्या म्हणाल्या, "काय पाहणार? कांतीण पाहते. काहीच करत नाही ती. दिवसभर. इतकी बोर गोष्ट मी जिंदगीत पाहिली नाही."

जाण्याचा दिवस आला तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. सामान आधीच ट्रकनं गेलं होतं. पल्लवी विमानाची तिकिटं घेऊन आली होती; विमानात कांतीण नेता येत नाही याची मंदाताईंनी चार ठिकाणी विचारून खात्री करून घेतली होती, आणि चौघांशीही भांडल्या होत्या. अरविंदरावांना दोघांनी उचलून गाडीत पुढच्या सीटवर बसवलं. दुबेकाकूंनी त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं. पल्लवी घड्याळ बघत होती.

मी मंदाताईंना बोलवायला मागे गेले. मागच्या भिंतीपाशी, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, जिथे दगडांत ओल असते आणि फटी असतात, तिथे त्यांनी शेवटलीचा डबा आडवा ठेवला होता, झाकण काढून. शेवटली आत सालीवर चपटी बसलेली होती. मंदाताई डब्यावर बोटानं टकटक करत होत्या.

"निघ ना माय," त्या म्हणत होत्या. "जा ना. विमान चुकून राहिलं माझं."

कांतिणीनं एक पाय पुढे टाकला, काठावर टेकवला आणि थांबली. मंदाताईंच्या हातात तो जुना ब्रश होता. मला वाटलं आता त्या तिला ढकलतील.

समोरून गाडीचा हॉर्न वाजला. मग पल्लवीची हाक आली. मी म्हटलं, ताई, चला, मी बघते हिच्याकडे. त्यांनी मागे न बघता हात वर केला, थांब म्हणून. मग ब्रश बाजूला ठेवला, जायच्या नव्या साडीचा विचार न करता टाकीच्या ओल्या ओट्यावर बसल्या, आणि हनुवटी हातावर टेकून डब्याकडे बघू लागल्या.

हॉर्न पुन्हा वाजला. कांतिणीनं दुसरा पाय काठावर ठेवला.